घोयऱ्याचा वाकडा पाय

घोयऱ्याचा पाय बाबांच्या हातून मोडला, असं मी घरात सांगितलं. ते खोटं आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण खरं आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि तरी मी ठासून सांगितलं. आज बाबांच्या त्या वेळच्या वयाकडे सरकताना हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेती काकांकडे सोपवून बाबा धरमपेठेत आमच्याकडे राहायला आले होते. त्यांचे हात कापायला लागले होते. चहा बशीत सांडायचा. शहरात त्यांना करमत नव्हतं. आमची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, तिला मांडीवर घेऊन ते ओसरीत बसत, तेवढाच त्यांचा विरंगुळा. एकदा गावाहून परतताना त्यांनी पिशवीतून लिंबाच्या फांदीसकट एक घोयरा आणला. घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा; दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, चिमट्यासारख्या पावलांनी फांदी धरून डुलत डुलत चालणारा. असा प्राणी घरात ठेवू नये, एवढी समज आमच्यापैकी कुणालाच नव्हती. बाबांनी संत्र्याच्या पेटीला जाळी ठोकली आणि त्याला आत ठेवलं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. घोयऱ्याची लांब जीभ मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवत असे. आमच्याकडे बरणीत एक होताही, फॉर्मॅलिनमध्ये पांढरा पडलेला. जिवंत घोयऱ्याला काय लागतं, हे मी कधी शिकलो नव्हतो. पण प्राण्यांच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझा, हे मी गृहीत धरलं होतं.

एप्रिल लागला आणि नागपुरातलं प्रत्येक घर करतं तेच आम्ही केलं. खिडक्यांना खसच्या ताट्या, दारांना जाड पडदे, सकाळी नऊनंतर घरात अंधार. घोयऱ्याची पेटी मी कूलरच्या खोलीत, अगदी आतल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

"त्याले सकाळचं ऊन दाखवत जाय गा," बाबा म्हणाले. "वावरात तो रोज उन्हात बसते. आंग तापल्याबिगर काई खात नाई."

"ऊन लागून मरेल तो, बाबा. वावरात सावलीला पळता येतं. पेटीत कुठे पळणार?"

माझं म्हणणं अर्धं बरोबर होतं, म्हणूनच ते खपलं. पुढे एकदा सकाळी सातला त्यांनी पेटी अंगणात ठेवली, तर मी बायकोसमोर त्यांना बोललो. मैदानातून ते त्याच्यासाठी टोळ धरून आणत, तेही मी लू लागेल म्हणून बंद केलं. मग घोयऱ्याला गव्हातल्या अळ्या मिळू लागल्या. उन्हाळा सरला, ताट्या उतरल्या, पण पेटी त्याच कोपऱ्यात राहिली. सवय झाली होती.

जुलैत तो फांदीवरून घसरू लागला. मी म्हटलं, फांदी गुळगुळीत असेल. एके दुपारी कॉलेजातून आलो तर बाबा फांदी बदलत होते आणि घोयरा पेटीच्या तळाशी पडलेला. पुढचा उजवा पाय कोपरातून बाहेर वळला होता.

"पाडला तुम्ही?"

"नाई गा. म्या तं नुसती फांदी काढली. तो आधीच खाली होता."

"मग पाय असा कसा झाला? हात कापतात तुमचे, माहीत आहे ना? कशाला हात लावता?"

स्वयंपाकघरात बायकोचं लाटणं थांबलं. बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या.

त्या दिवसापासून ते पेटीजवळ गेले नाहीत. संध्याकाळी बायको मुलीला त्यांच्या मांडीवर द्यायला गेली तर म्हणाले, "तुयाजवळच राहू दे वं. माये हात बरोबर नाईत." ते मी ऐकलं. ऐकून पेपर वाचत बसलो.

पायाला मी काडेपेटीची काडी बांधली. आठवड्यात दुसराही पाय वाकला, आणि त्याला तर कुणी हात लावला नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. मग खालचा जबडा फुगला. अळी समोर धरली की तो नेम धरायचा, तोंड उघडायचा, आणि जीभ ओठापर्यंत येऊन लोंबायची. चार दिवस पोटात काही गेलं नाही तेव्हा मी पेटी सायकलला बांधून गुरांच्या दवाखान्यात नेली.

गायी-बकऱ्यांच्या रांगेत माझी पेटी पाहून लोक हसले. डॉक्टरही हसले. "डेमॉन्स्ट्रेटर साहेब, हा तर तुमच्या बरणीतला माल! माझ्याकडे काहून आणला?"

पण त्यांनी अंगठ्याने त्याची हनुवटी हलकेच दाबली आणि हसू गेलं. "हे पाहा. रबरासारखी झाली. हाडात जीवच नाही. पाय मोडले नाहीत हे, वाकलेत. ती काडी काढा आधी. अंधाऱ्या शेडमध्ये कोंबडीची पिल्लं ठेवली की त्यांचं अस्संच होते. ऊन देता का याला?"

मी पायाची काडी सोडू लागलो.

"किती महिने?"

"एप्रिलपासून."

"आणि खायला?"

"अळ्या. मला वाटलं, घरात कुणाच्या हातून पडला."

"कोणी नाही पाडला, भाऊ. तुम्ही त्याला कूलरमध्ये बसवून ठेवला."

त्यांनी उपाय सांगितले: सकाळचं कोवळं ऊन अंगावर थेट, काचेतून नाही, आणि बाजूला सावली. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, वस्त्रगाळ करून टोळांवर भुरभुरायची. लहान मुलांचं कॅल्शियमचं औषध, दिवसातून दोनदा, एकेक थेंब. "तोंड जबरदस्तीनं उघडलं तर जबडा हातात येईल. एकानं खालून तळहातावर तोलून धरायचं. तो चिडून स्वतः तोंड उघडतो, तेव्हा दुसऱ्यानं थेंब सोडायचा. आठवडाभरात ताकद आली नाही तर उपाशी मरेल."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. एक सोडून.

"पाय जुडन का?" बाबांनी लांबूनच विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

टरफलं बाबांनीच चौकातल्या आमलेटच्या गाडीवरून आणली. "माझ्या खलबत्त्यात ही घाण नको हं," म्हणत बायकोनेच ती कुटली. पण घोयऱ्याला हात लावायला ती तयार नव्हती. मी एकटा लागलो. एका हातात तो, दुसऱ्यात ड्रॉपर. तो वळवळायचा, बोटांखाली त्याचा मऊ जबडा लागायचा आणि मी पकड सैल करायचो. त्यात आभाळ भरलेलं. जरा ऊन पडलं की मी पेटी घेऊन गच्चीवर धावायचो. पोचेस्तोवर ते गेलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी औषध त्याच्या नाकात गेलं. बुडबुडे आले, अंग काळं पडलं, डोळे मिटले. मला वाटलं, गेला. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा उघडला.

चौथ्या सकाळी ऊन पडलं. पेटी घेऊन मी गच्चीवर गेलो. बाबा तिथे कपडे वाळत घालत होते.

"बाबा, जरा धरता का याला?"

"नाई गा. माया हातानं एकदा झालं तेवढं बस झालं."

मी पेटी खाली ठेवली. "तुमच्या हातानं नाही झालं. डॉक्टर त्याच दिवशी म्हणाले. हाडं मऊ झाली होती, अंधारानं. माझ्यामुळे. तुम्ही ऊन दाखवा म्हणत होता."

हातातला टॉवेल त्यांनी दोरीवर टाकला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

"तीन दिवस झाले तुले माहीत होऊन?"

"हो."

"मंग पोरीले बी घेता येईन मले," ते म्हणाले.

मला रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी तळहात पसरला. तो कापत होताच. मी घोयऱ्याला त्यावर ठेवलं. माझ्या स्थिर हातात वळवळणारा तो प्राणी त्या हलत्या हातावर फांदीवर बसावा तसा बसला, आणि वाकड्या पायाने त्याने बाबांचं बोट धरायचा प्रयत्न केला. बाबांनी दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यासमोर हलवलं. तो फुगला, तोंड उघडलं, आणि मी थेंब सोडला. थेंब आत गेला.

सहाव्या दिवशी जीभ बोटभर बाहेर आली. पोळ्याच्या सुमारास त्याने टरफलाची पूड लावलेला टोळ वीतभर अंतरावरून उचलला. जबडा घट्ट झाला. पाय मात्र वाकडेच राहिले. वाकलेलं हाड सरळ होत नाही. उजवा जास्तच. अंगणातल्या लिंबावर बाबांनी त्याला सोडलं आणि पुढची दोन वर्षं तो तिथेच होता. मुलगी बाबांच्या कडेवरून त्याला बघायची.

आल्यागेल्यापैकी कुणी विचारायचं, "याचा पाय काहून असा?"

"त्या साली उन्हाळा लय कडक होता," बाबा सांगायचे.

मी तिथेच बसलेला असायचो.