एकाच विमानाने

पुण्याच्या विमानतळावर माझा भाचा सागर बाहेर आला, तेव्हा क्षणभर मी त्याला ओळखलंच नाही, इतका तो वाळला होता. कॉम्प्युटरची नोकरी म्हणून परदेशी गेलेल्या या मुलाचा पासपोर्ट काढून घेऊन त्याला कोंडून ठेवलं होतं. दिवसभर फोनवरून लोकांना फसवायचं, नाही म्हटलं की मार. शेवटी दोन देशांच्या पोलिसांनी मिळून छापा घातला आणि आपली मुलं सोडवली.

त्याच्या मागोमाग त्याचा शाळेपासूनचा मित्र नीलेश आला. नीलेशच्या आईने आधी सागरलाच पोटाशी धरलं. "तुम्ही दोघं एकमेकांना होतात, म्हणून निभावलं रे बाळा!"

"हो काकू," सागर म्हणाला. नीलेश खाली बघत होता.

गाडीत आम्ही दोघंच बसल्यावर सागर बोलला. "मामा, एक माणूस आण, मग तुला सोडतो, असं त्या लोकांनी नीलेशला सांगितलं होतं. म्हणून त्याने मला बोलावलं. पण सोडलं त्यालाही नाहीच."

दोन सरकारांनी समुद्रापलीकडून माणसं परत आणली; पण डोळे मिटून ज्याच्यामागे सागर गेला, तो मित्र कोण परत आणणार?

"काकूंना सांगायचं का?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "त्यांना तरी त्यांचा नीलेश परत मिळू दे."