परवाची ती, कालचा तो

आमच्या डेस्कवर बातम्या कमी आणि किस्सेच जास्त साठतात. बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते, किस्सा मात्र दर चहाला नवा. त्यात गेल्या दोनेक वर्षांत एकाच विषयाचे इतके जमलेत की मित्रमंडळी भेटली की पहिलं विचारतात, "सरांचं काय नवीन?"

सर म्हणजे आमचे वृत्तसंपादक, खंडागळे सर. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमच्या छोट्याशा दैनिकाचं ऑफिस आहे आणि मी तिथं उपसंपादक. सरांची मराठी इतकी शुद्ध की शिवी दिली तरी अनुस्वार जागेवर! पण तृतीयपंथी व्यक्तीची बातमी आली की सरांना घाम फुटतो. इंग्रजीवाल्यांचं एका सर्वनामावर भागतं हो, आपल्याकडं क्रियापदसुद्धा आधी विचारतं, "बाई की बुवा?"

*

वैजापूरचे आमचे वार्ताहर कचरूतात्या. तिथल्या मार्केट यार्डात एका तृतीयपंथी कार्यकर्तीचा सत्कार होता. तात्यांचा मला फोन. "ताई, 'आली' लिवू का 'आला'?"

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तात्यांना सांगा, क्रियापद टाळा."

अर्ध्या तासात कॉपी आली. "मार्केट यार्डात आगमन. शाल. नारळ. भाषण दमदार. टाळ्या. चहा."

सर खूश! "वा, किती आटोपशीर मजकूर!"

दुसऱ्या दिवशी तात्यांनी कांद्याची बातमी पाठवली. "कांदा. आवक. भाव. बोंब."

*

एकदा मीटिंगमध्ये मी सुचवलं, "सर, सरळ 'त्या म्हणाल्या' लिहू या ना. आदरार्थी."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, आपल्या पेपरात आदरार्थी बहुवचन नगरसेवकापासून सुरू होतं!"

*

मग नगरसेवकाचीच निवडणूक आली आणि दिशा साळवे उभी राहिली. मूळची शेंद्र्याची, पण कैक वर्षं शहरातच. ट्रान्सजेंडर म्हणून तिच्या उमेदवारीची चर्चा झाली, फोटो चांगले आले, आम्हीही झकास छापलं. "तिने पदयात्रा काढली, तिने आशीर्वाद घेतले."

निकाल लागला. दिशा पडली. आमच्या पेपरात आलं, "दिशा साळवे पराभूत झाला."

सकाळी अकराला दिशा ऑफिसात हजर! दोन्ही अंक सरांच्या टेबलावर ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "सर, परवा प्रचाराला निघाली ती मी. मग काल पडला तो कोण?"

सर म्हणाले, "मुद्रणदोष."

*

सर तसे वाईट नाहीत. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला, समजूत काढायला घेतली. "हे बघा, वाचकांच्या वर्षानुवर्षांच्या सवयी असतात. शब्द बदलायला वेळ लागतो."

"सरकारनं आपल्या शहराचं नाव बदललं तेव्हा पेपरात किती दिवसांनी बदललंत सर?"

"दुसऱ्याच दिवशी!" सर अभिमानानं म्हणाले.

"मी तर अख्खं नाव मागतच नाहीये. नुसतं क्रियापद मागतेय."

आतल्या केबिनमध्ये बसलेले आमचे मालक हे ऐकून बाहेर आले. पुढच्या महिन्यापासून दिशा आमच्याकडं रिपोर्टर!

*

सगळ्यात आधी सुटले ते सर. कारण बायलाइनला, म्हणजे बातमीदाराच्या नावाच्या जागी, 'प्रतिनिधी' छापायचं, आणि प्रतिनिधीला लिंग नसतं!

बोलताना मात्र पंचाईत. 'आलीस का' म्हणायला जीभ वळेना, 'आलास का' म्हणायची हिंमत नाही. मग दिशा दारात दिसली की सर म्हणायचे, "आगमन झालं वाटतं! जेवण झालं? निघणं किती वाजता?"

दिशा मला म्हणाली, "ताई, मी नोकरीला आहे की दौऱ्यावर?"

*

तरी सरांनी मनावर घेतलं. दिशाच्या एका जुन्या मुलाखतीचा मजकूर शहराच्या पानावर पुन्हा घ्यायचा होता आणि त्यात जागोजागी 'तो' होतं. सर म्हणाले, "मी स्वतः दुरुस्त करतो." आणि कॉम्प्युटरला सांगितलं, 'तो' दिसेल तिथं 'ती' कर. फक्त मुलाखतीत करायचं ते सरांच्या हातून अख्ख्या पानावर झालं!

सकाळी शहर वाचत होतं, "कारखान्याला मोठा तीटा." "तीतया पोलीस जेरबंद." "विरोधकांची तीफ धडाडली."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच पानावर एका आमदारसाहेबांचं दणदणीत भाषण होतं. "मी जनतेसाठी लढती! मी दिलेला शब्द पाळती! मी कुणाला भीत नाही, हे ठणकावून सांगती!"

साहेबांचा फोन आला तो रिसीव्हर कानापासून लांब धरूनही सगळ्यांना ऐकू येत होता. "माझं काय करून ठेवलंय तुम्ही? घराबाहेर तोंड दाखवायची सोय नाही!"

सर माफी मागून मागून थकले. फोन ठेवल्यावर दिशा म्हणाली, "साहेबांना एकच दिवस झाला. पुढचं मला विचारा म्हणावं."

*

यंदा उन्हाळ्यात दिशाची आई गेली. चार दिवसांनी दुपारी ती वडिलांना घेऊन ऑफिसात आली. निधनाची बातमी द्यायची होती. वडील शेंद्र्याच्या एका कंपनीत वॉचमन. दिशाशी त्यांचं बोलणं जेमतेम. तिचं नवं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. फोनवरही "जेवला का रे?" एवढंच. त्या दिवशी जिना चढतानाही "हळू चल रे" म्हणतच आले.

बातमी सरांनी स्वतः लिहायला घेतली. नाव, वय, गाव झालं.

"पश्चात कोण कोण?" सरांनी हळूच विचारलं.

"मी. आन् एक लेक."

सरांचा चेहरा उजळला. माझा लेक म्हणा, माझी लेक म्हणा! "वा, उत्तम शब्द दिलात तुम्ही," सर म्हणाले, "दोन्हीकडं चालतो."

"दोन्हीकडं चालनारा नगं," वडील म्हणाले. "मुलगी लिवा. समद्यान्ला नीट कळलं पाह्यजे."

सरांनी 'लेक' खोडलं आणि 'मुलगी' लिहिलं. दिशा दाराशी कपाटाला टेकून उभी होती.

वडिलांनी मागं वळून पाहिलं.

"आन् तू कशाला उभी ऱ्हायली रे? बस की."