मधमाशीच्या पोटातला शत्रू आणि वाघमारे मॅडम

डॉ. सुजाता वाघमारे मॅडमना मी प्रथम पाहिले ते ताथवड्यातल्या आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय मागायला गेलो होतो. मॅडम मधपेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. पेटीच्या तोंडाशी पडलेले तपकिरी डाग दाखवून त्यांनी विचारले, "यातला रोग बाहेर किती दिवस जिवंत राहतो?" मला सांगता आले नाही. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझा विषय ठरला.

तो रोग नोसेमाचा. मधमाशीच्या आतड्यात वाढणारा हा सूक्ष्म परजीवी विष्ठेतून पोळ्यावर येतो, तिथे तग धरतो आणि पुढच्या माशीच्या पोटात जातो. तळेगाव दाभाड्याजवळ मधमाश्या पाळणाऱ्या बबनरावांच्या दहाही पेट्या त्याने रिकाम्या केल्या होत्या. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळा जीव त्या पेट्यांत ओतला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा ते पोळ्यांच्या चौकटी पेटवायच्या तयारीत होते. "मॅडम, ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले. मॅडमनी त्यांच्याकडून चार महिन्यांची मुदत मागून घेतली.

काय दिवस होते ते! रोगाचे बीजाणू आम्ही सावलीत ठेवले, तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले, फ्रीझरमध्येही ठेवले. मग ते साखरेच्या पाकातून निरोगी माश्यांना द्यायचे आणि काही दिवसांनी त्यांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. उष्णतेने तो मरणार, अशी माझी पैज होती. शेडमधला धडधाकट निघाला! फ्रीझरमधल्या नमुन्यांनी मात्र जवळजवळ एकाही माशीला रोग दिला नाही. मी बबनरावांना फोन लावायला निघालो, तर मॅडमनी अडवले. त्यांचे वडील पिंपरीच्या कारखान्यात मालाची तपासणी करीत; एका मापावर माल पास करायचा नाही, ही शिस्त घरातलीच. सगळा प्रयोग पुन्हा केला. निष्कर्ष तोच आला, तेव्हा त्याच मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या.

चाकणच्या एका शीतगृहाने रिकामी खोली दिली. गोठवून काढलेल्या चौकटींवर बबनरावांनी नव्या वसाहती बसवल्या. वर्षभराने त्यांनी कळवले, "दोन गेल्या मॅडम, पण आठ भरल्यात." मॅडमनी आधी त्या दोनांची चौकशी केली. शोधनिबंधात त्या गेलेल्या दोन्हींचीही नोंद आहे आणि पहिले नाव माझे आहे. मी संकोचलो, तेव्हा "आतडी कोणी तपासली?" एवढेच त्यांनी विचारले.

आता मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. थंडी कमी होत गेली तर हा परजीवी काय करील, हा त्यांचा नवा प्रश्न. परवा थेरगावच्या घरी त्यांनी मला वही दाखवली. पुढच्या दहा हिवाळ्यांचे रकाने आखून तयार आहेत. मॅडम, ते दहाही तुमच्याच अक्षरात भरलेले आम्हाला पाहायचे आहेत. तेवढे आरोग्य तुम्हाला लाभोच, आणि वही अपुरी पडून अकरावा रकाना नव्या वहीत आखावा लागो.