पलीकडच्या काठाचा आकडा

जिनिंगच्या वजनकाट्यावर आमचा एक नियम होता. कापसाची गाडी काट्यावर चढली की एकाने वजन मोठ्याने बोलायचं. दुसऱ्याने स्वतः काटा बघून तेच फिरून बोलायचं. दुसरा बोलला नाही तोवर आकडा धरायचा नाही. पहिला मी आणि दुसरा माझा धाकटा मेहुणा. तो शिरड शहापूरहून कामाला हिंगोलीत आला होता आणि आमच्याच घरी राहायचा.

ही नव्वदीनंतरची गोष्ट, हिंगोली अजून जिल्हा झाली नव्हती. बागेला लागून एक तळं होतं. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा त्याच सुमारास तिथे अडई जातीची बदकं उतरायची. मला मोजायची खोड आहे, म्हणून रविवारी मी ती मोजायला लागलो. पण बदकं जागा बदलतात, गवताआड जातात, आणि मोजणाऱ्याला एकट्याने आपली चूक कळत नाही. मग मेहुण्याने काट्याचाच नियम तळ्यावर आणला. मी बागेच्या बाजूला बाकड्यापाशी उभा राहायचो. तो पलीकडे, म्हशी पाण्यात उतरतात तिथे.

मी ओरडायचो, "अडई चौतीस!"

पलीकडे त्याचं बोट हवेत टिपत टिपत जायचं. मग आवाज यायचा, "चौतीस बराबर!"

नाही जुळलं तर मात्र माझी धडगत नसे. "दाजी, चष्मा बदला! छत्तीस हायेत. दोन काय आक्काला नेऊन दिले भाजीला?"

"पाव्हणं, तुमी पाणडुब्या धरून राहिले त्यात!"

पाणडुबी मुठीएवढी असते, तिचा आकडा आम्ही वेगळा मोजायचो. बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. ती पाण्याखाली असली की तो आकडा बोलायचाच नाही. मी घाई केली तर म्हणायचा, "थांबा की. खाली गेली म्हणून काय कमी झाली का?"

एका हिवाळ्यात तो जवळा बाजारच्या आठवडी बाजाराला म्हणून एसटीने गेला. तो तिथे उतरल्याचं कंडक्टरला आठवत होतं. परतीच्या गाडीत चढल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, लग्न ठरत होतं. आम्ही दवाखाने बघितले, पोलिसात कळवलं, नातेवाइकांची गावं पालथी घातली. सिद्धेश्वर धरणावरच्या मासेमारांनाही विचारून आलो. काहीच हाती लागलं नाही. माणूस मेल्याचा पुरावा नव्हता आणि असल्याचाही नव्हता. असा हिशेब मी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

मी तळ्यावर जात राहिलो. सवयीने आकडा ओरडायचो आणि थांबायचो. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि त्यात पलीकडे कुणीतरी उभं दिसायचं. धुकं उठलं की म्हशीवाला निघायचा, नाहीतर बाभळीचं खोड. पुढे पुढे ते खोड आहे हे पक्कं ठाऊक असूनही मी आकडा ओरडून उत्तराची वाट बघायला लागलो.

बायकोच्या कानावर ते गेलंच. "काहून एकटेच बोंबलून राहिले तळ्यावर? लोक हासून राहिले."

"तू ये मग. तिकडच्या काठाला उभी राहा."

ती भाकरी थापायची थांबली. "ती जागा भावाची हाये. म्या तिथं उभी राह्यले तर त्यानं येऊन कुठं उभं राहायचं?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण काही वर्षांनी शिरड शहापूरहून बायकोचे चुलते आले. बेपत्ता माणसाची फार वाट बघून झाली की दर्भाचा पुतळा करून क्रिया करतात, तसं आता उरकून घेऊ, असं म्हणाले. घरची थोरली बहीण म्हणून तिचा होकार हवा होता. ती फक्त "न्हाई" म्हणाली. ते दुसऱ्या वर्षी पुन्हा आले. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं. होकार द्यायचा म्हणजे आपल्या तोंडाने भावाला मेला म्हणायचं होतं. न द्यावा तर त्याचा जीव अधांतरी भटकत राहील, असं सगळे तिला ऐकवत होते. रात्री दाराची कडी वाजली की आधी तीच उठायची.

दोन हजारनंतरच्या एका रविवारी मी तळ्यावर एकटाच होतो. धुकं होतं. पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. खोड, मी मनात म्हटलं. पण खोड तर बाजूला वेगळं दिसत होतं. तरी मोजलं आणि ओरडलो, "अडई एकवीस!"

मग त्याचीच धाटणी, शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं: "एकवीस बराबऽर!"

मी तळ्याला वळसा घालून धावतच गेलो. बायको उभी होती. पदर तोंडात धरलेला, पाठ पाण्याकडे. तिने एकही बदक बघितलं नव्हतं.

"चुलत्याला निरोप धाडा," ती म्हणाली. "काय करायचं ते करा म्हणावं."

समोरचा न बघता बोलला तर काट्यावर तो आकडा मी कधीच धरला नसता. त्या दिवशी धरला. आम्ही बांधावरून निघालो तेव्हा मागे पाण्यात बारीकसा डुबुक आवाज झाला. ती थांबली. मीही थांबलो. वर काय येतं ते बघायला दोघांपैकी कुणीच मान वळवली नाही.