पहिल्या रांगेचं आवतन

मिहिरने मोबाइल स्पीकरला जोडला, बटण दाबलं आणि आवाज कुठवर पोचतो ते ऐकायला तो फाटकाकडे चालू लागला. जोडण्यापूर्वी मोबाइलमध्ये काय वाजणार आहे ते बघावं, एवढी अक्कल त्याला एरवी होती. त्या दिवशी ती खुर्च्यांत अडकली होती. हॉलवाल्याने सवयीने खुर्च्यांना लाल साटीनचे झगे घालून, पाठीवर सोनेरी फुलं बांधून पाठवलं होतं. संग्रहालयाच्या बागेत तारवाद्यांच्या मैफलीला त्या रांगेने नवऱ्या बसल्यासारख्या दिसत होत्या. ते झगे उतरवण्यात बिचाऱ्याची दुपार गेली.

तो फाटकाशी पोचला आणि मागून आक्काचा आवाज आला. आक्का बागेत नव्हती. आवाज स्पीकरमधून येत होता.

मिहिर पळत सुटला.

धवला हे आगरी लग्नातलं गाणं, आणि ते गाऊन लग्न लावते ती धवलारीण. वळ गावात आता आक्का तेवढी उरली आहे. संग्रहालयासाठी मिहिरने मागच्या थंडीत तिचे धवले रेकॉर्ड केले होते. त्यातला पहिला आवतनाचा, म्हणजे लग्नाला बोलावण्याचा. त्यात आधी गणपती, मग गावदेवी, मग खाडी, मग वेशीवरचे, मग घराण्यातले मेलेले एकेक नाव घेऊन, आणि शेवटी ज्यांचं नाव आता कुणाला ठाऊक नाही ते. हा धवला आक्काने एका अटीवर गायला होता, मांडवाबाहेर वाजवायचा नाही. मिहिरने गळ्याला हात लावून शपथ घेतली होती, कारण शपथ घ्यायला काही लागत नाही.

साऊंडवाला हिरामण चहाला गेलेला. मोबाइलला लागतो मिहिरचा अंगठा, आणि मे महिन्यातल्या भिवंडीत तो अंगठा इतका घामेजलेला की मोबाइलने मालकाला ओळखच दाखवली नाही. शेवटी मिहिरने वायर उपटली, तेव्हा शेवटचंही आवतन देऊन झालं होतं.

मग एकदम शांत झालं. बागेच्या चारी बाजूंना गोदामं आहेत आणि तिथे मागे येणाऱ्या कंटेनरची टिटटिट दिवसरात्र चालू असते. तीसुद्धा थांबली होती.

आक्काचं घर संग्रहालयाच्या भिंतीला लागूनच. ती काठी टेकत फाटकातून आत आली. ओरडत आली असती तर मिहिरला बरं वाटलं असतं.

"पूर्वी कुठं हाय?" तिने विचारलं.

पूर्वी म्हणजे तिची नात. तिचं लग्न येत्या रविवारी होतं.

"आत आहे, सरबताचे ग्लास लावतेय. आक्का, चुकून लागलं हो. मी लगेच बंद केलं."

"संपल्यावर बंद केलंस. मी ऐकत व्हती."

"पण ते रेकॉर्डिंग आहे. त्यांना तेवढं कळत असेल ना?"

"आवाज माजा, नावं माज्या घरातली. मंग आवतन कुनाचं झालं, मास्तराच्या?"

मिहिरचे वडील अण्णा भिवंडीच्या शाळेत मास्तर होते. म्हणून मिहिर तिच्या लेखी मास्तराचा. नावाने हाक मारते ते खूश असली तर. आजवर दोनदा मारली असेल.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. आवतन गेलं की ते येतात. येतात ते लग्न बघायला. इथे नवरी दिसली नाही की जवळचं लग्नघर शोधतात, आणि आल्यासारखं काहीतरी घेऊनच जातात. तिच्या सासूच्या वेळी एका पोराने मस्करीत हाच धवला शेताच्या बांधावर म्हटला होता. त्या आठवड्यात ज्या घरी लग्न होतं, त्या घराबद्दल सासू पुढे काही सांगत नसे. उलथनं उचलून भाकरी उलटायची.

मिहिरने भिंतीपलीकडे बघितलं. पूर्वीच्या घरापुढे मांडव उभा होता. आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा, आणि वर लाल-हिरव्या दिव्यांत पूर्वीचं नाव लुकलुकत होतं. पत्ता शोधणाऱ्याची यापेक्षा जास्त सोय कुणी केली नसती.

आक्काचं खरं नाव गुणाबाई, पण पोटचा मुलगा, पूर्वीचा बाप मनोजही तिला आक्काच म्हणतो आणि गोदामांचे रखवालदारसुद्धा. वडप्याहून लग्न होऊन ती वळात आली तेव्हा इथे भातशेती होती. धवले ती सासूकडून चुलीपुढे शिकली. पुढे नवरा गेला, सासू गेली, मग शेती गेली आणि शेतांवर पत्र्याची गोदामं आली. आक्काच्या डोक्यातली शेतं मात्र कुणी उचलली नाहीत. संध्याकाळी ती गोदामांतून फेरी मारते आणि कंटेनरच्या ड्रायव्हरला काठीने दाखवते, "भय्या, तू मेरे खले पे खडा हाय." भय्या निमूट गाडी पुढे घेतो. "आता मेरे गोठे में आया."

लग्नं आता हॉलमध्ये होतात. डीजेवाला दोन गाण्यांच्या मध्ये आक्काला माइक देतो, आणि माइक परत मागायला घाबरतो. नारपोलीच्या एका लग्नात आवतन देऊन झाल्यावर ती माइक धरून नुसतीच उभी राहिली. मुहूर्त टळायला आला, भटजी घड्याळ दाखवू लागले. आक्का दाराकडे बघत होती. मग "आले" म्हणाली आणि पुढचा धवला उचलला. कोण आले, हे त्या हॉलमध्ये एकानेही विचारलं नाही. जेवणं मात्र जरा घाईतच उरकली.

हे संग्रहालय मनोजने बांधलं. नांगर, मिठागरातली फावडी, खाडीतली जाळी, असं घरातलंच सामान काचेमागे ठेवलं आणि देखरेखीला मिहिरला घेतलं. मैफलीची कल्पना निवेदिताची. निवेदिता व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने भरलेली आणि आवाजाने समंजस. निवेदिता आणि मिहिरचं लग्न येत्या मार्गशीर्षात ठरलं होतं, म्हणून तिची कुठलीही कल्पना त्याला सध्या चांगली वाटत होती.

मनोज आला, त्याला सगळं सांगण्यात आलं, आणि तो हसला.

"आक्का, कंपनीचे लोक येनार हायेत. आज नको काय."

"मी कुठं काय करतंय? करून बसलाय तो ह्यो."

"आपण पूर्वीला तिच्या मामाकडे पाठवू या का?" मिहिरने सुचवलं.

"वाटेत गाठलं तर कोन हाय तिच्यासंगं?"

मनोज अजून हसतच होता. पण हसत हसत भिंतीपलीकडे गेला आणि मांडवाचे दिवे बंद करून आला.

आक्काने पूर्वीच्या हातातला हिरवा चुडा उतरवला, मेंदीवर सरबताचं फडकं गुंडाळलं, आणि गोदामाच्या रखवालदाराचा निळा शर्ट आणि टोपी मागवून नवरीचा रखवालदार केला.

"आजी, माझे फोटो काढतील लोक," पूर्वी म्हणाली.

"काढू दे. वलखू येनार न्हाईस, त्येच पायजे."

"आणि सासरच्यांनी बघितले तर?"

"नोकरी लागली म्हनून सांग."

लोक येऊ लागले. ठाण्याचे आले, मुंबईचे आले, फाटकाबाहेर गाड्या लागल्या. आक्का पहिल्या रांगेच्या टोकाला बसली, पूर्वीला पायाशी घेतलं, आणि उरलेल्या रांगेत कुणाला बसू देईना.

"आजी, हे रिझर्व आहे का?" एक बाई विचारू लागल्या.

"भरलेलं हाय."

बाईंनी रिकाम्या खुर्च्या नीट बघितल्या, आक्काला नीट बघितलं, आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. ज्या कंपनीने मैफलीला मदत केली होती तिचे मॅनेजर मात्र ऐकेनात. माणूस पहिल्या रांगेसाठीच आलेला. ते ऐसपैस बसले. पहिली रचना अर्ध्यावर असताना उठले आणि मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले. मिहिरने पाणी नेऊन दिलं.

"तिथे गार लागतंय फार," मॅनेजर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. बागेत झाडाचं पान हलत नव्हतं.

निवेदिता धरून चौघं वाजवत होते ते सुंदर होतं, असं मागाहून सगळे म्हणाले. मिहिरला त्यातलं काही आठवत नाही. तो पहिली रांग बघत होता. साटीनचे झगे काढलेल्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दुपारी सरळ ओळीत लावल्या होत्या. आता त्या किंचित वाकड्या होत्या, शेजाऱ्याशी बोलायला कुणी वळून बसावं तशा. आक्का मधूनच उजवीकडे मान झुकवी आणि काहीतरी पुटपुटे. घरच्या कार्यात पाहुण्याला थोडं थांबा म्हणताना बायकांचा असतो, तसला तो चेहरा होता.

मध्यंतरात निवेदिता मंचावरून खाली आली.

"मिहिर, पहिल्या रांगेत कोण बसलंय? डोळ्यांवर दिवे येतात, दिसत काही नाही. पण पायाने सारखा ठेका चाललाय. आमचा नाही तो ठेका. ताशासारखा."

"कोणी नाही. म्हणजे आक्का आहे."

"एकटीचा नाही रे. ओळीने वाजतोय. आणि वाढतोय."

मिहिर तिला तसंच सोडून आक्कापाशी गेला. निळ्या शर्टातली पूर्वी आजीच्या गुडघ्याला घट्ट धरून बसली होती. तिची थट्टा संपली होती.

"आजी, कोणीतरी माझी टोपी उचलून बघितली," ती हळूच म्हणाली.

आक्काने टोपी तिच्या कानांपर्यंत ओढली. "आता यांना बसवून ठेवता येनार न्हाय," ती मिहिरला म्हणाली. "लग्न लावाया पायजे."

"कोणाचं?"

आक्काने मंचाच्या पायरीशी उभ्या असलेल्या निवेदिताकडे बघितलं, मग मिहिरकडे.

"तुजं जमलंय ना तिच्यासंगं?"

"मार्गशीर्षात आहे, आक्का. हॉल बुक आहे. आईने सगळ्यांना सांगितलंय."

"मंग आज लाव. नवरी हाय, नवरा हाय, मी हाय. पावनेबी बसलेत."

आता दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात हा क्षण आला असता तर तो हो म्हणाला असता, कारण पूर्वी टोपी दोन्ही हातांनी दाबून बसली होती आणि सगळा घोळ त्याच्याच वायरीतून निघालेला. मिहिरच्या डोळ्यांपुढे त्याची आई विद्युल्लता उभी राहिली. मग विहिणीची बैठक, मग सोलापूरची आत्या, जिला न बोलावता मुंजसुद्धा झालेली नव्हती. त्यापेक्षा वरून आलेले पाहुणे परवडले, असं त्याला वाटून गेलं.

"आक्का," तो म्हणाला, "आपल्याकडे काचेत नवरा-नवरी आहेत ना."

होते. लग्नाच्या देखाव्यासाठी भिवंडीच्या कापडदुकानातून दोन जुने पुतळे आणले होते. नवरी हळदीच्या लुगड्यात, नवऱ्याला बाशिंग. नवऱ्याचं हसू मूळचं कोटाच्या जाहिरातीतलं होतं, ते बाशिंगाखाली बरं दिसत नसे.

आक्काने पहिल्या रांगेवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "बघू घेतात काय."

मनोज आणि हिरामणने पुतळे बागेत आणून मंचापुढे उभे केले. लोकांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइल वर केले. आक्का उठली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने धवला धरला. निवेदिताला काय झालं कोण जाणे, तिने व्हायोला उचलून त्याखाली एक लांब सूर लावला, आणि बाकीचे तिघे तिच्यामागून आले. मुंबईच्या मंडळींना असलं काही ऐकायला मिळालं नव्हतं. मागच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत होत्या. मिहिरला मात्र आता पायांचा ठेका स्पष्ट ऐकू येत होता.

संग्रहालयातल्या रांजणातले तांदूळ मूठभर घेऊन आक्काने अक्षता टाकल्या. नवरीच्या फायबरच्या खांद्यावरून ते खाली घरंगळले. ठेका थांबला. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या टोकापासून टोकापर्यंत एकेक करून करकरल्या. आक्का त्या रांगेकडे बघत होती, आणि मग रांग जिकडे बघत होती तिकडे, वर मंचावर.

पलीकडच्या गोदामात कंटेनरची टिटटिट पुन्हा सुरू झाली. झाडाची पानं हलली. टाळ्या इतक्या पडल्या की मॅनेजरसुद्धा भिंत सोडून पुढे आले आणि पुढच्या वर्षीचं बोलू लागले. पूर्वीने टोपी काढली. केस घामाने चिकटले होते, पण ती हसली. मनोजने भिंतीपलीकडे जाऊन मांडवाचे दिवे लावले. निवेदिता व्हायोला पेटीत ठेवत मिहिरला म्हणाली की हे तू मला आधी सांगायला हवं होतंस, केवढी छान कल्पना. मिहिरने मान डोलावली. कल्पना आपलीच होती, असं त्यालाही वाटू लागलं होतं.

गर्दी पांगल्यावर तो आक्कापाशी गेला. ती खुर्चीत बसून पदराने वारा घेत होती, दमलेली, एकदम म्हातारी.

"आक्का, मग आता पूर्वीच्या लग्नाला काही धोका नाही ना?"

आक्काने निवेदिताकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, "तिच्या न्हाय, मिहिर."