वायनरीतला भुरका

नाशिकबाहेरच्या वायनरीत आमच्या आठ जणांच्या टूरला गाईडबाई म्हणाल्या, "घोटाबरोबर हवा ओढायची. आवाज झाला पाहिजे!" मी साडूकडे पाहिलं. बशीतल्या चहाच्या माझ्या भुरक्याची नक्कल करून यानं अकरा वर्षं प्रत्येक बारशात, लग्नात लोकांना हसवलं होतं. मी असा भुरका मारला की द्राक्षमळ्यातले पोपट उडाले ते थेट गुजरातेत उतरले. "वा! अगदी असंच," बाई म्हणाल्या. साडूला मात्र ठसका लागला आणि पांढऱ्या शर्टावर लाल नकाशा उमटला. आवाज तोच असतो; गावंढळ की जाणकार, हे हातातलं भांडं ठरवतं. तेवढ्यात मेहुणी नवऱ्यावर कडाडली, "अहो, भावोजींकडून शिका जरा!" वाइनची चव कशी होती, ते देवाशपथ आठवत नाही.