नवी बाई घ्यायची नाही

“मॅडम, फोटो छान आहेत. पण तिकडे आता राहतं कोण?”

पाचगणीतल्या एका ट्रस्टची मीटिंग चालू होती. माझ्या प्रोजेक्टरने भिंतीवर बेल्जियममधल्या लूवेन गावातल्या एका जुन्या वसाहतीचा फोटो टाकला होता. विटांची बुटकी घरं, दगडी गल्ली, सगळीकडून भिंत. प्रश्न ट्रस्टच्या सेक्रेटरींचा होता.

“युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी, पाहुणे प्रोफेसर,” मी म्हणाले. “शिकायला होते तेव्हा मीही तिथेच एका खोलीत राहायचे.”

सेक्रेटरींनी मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट. म्हणजे जुन्या इमारती न पाडता दुरुस्त करून देणारी. ऑफिस साताऱ्यात. लोकांना हे फार हळुवार काम वाटतं. कसलं हळुवार! अर्धा जन्म चुन्यात जातो आणि उरलेला ट्रस्टींच्या केबिनबाहेर ताटकळण्यात.

लूवेनच्या त्या वसाहतीला बेगिनाज म्हणतात. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात अशा बऱ्याच आहेत. मध्ययुगापासून तिथे एकट्या बायका राहायच्या. विधवा, बिनलग्नाच्या. देवधर्म करायच्या, पण नन नव्हत्या. जन्माची शपथ नव्हती. कपडे धुवायचे, लेस विणायची, आजाऱ्यांचं बघायचं आणि आपलं पोट आपण भरायचं. लग्न करावंसं वाटलं तर खुशाल निघून जायचं.

ट्रस्टचं पाचगणीतलं आवारही त्याच जातीचं, म्हणून तर मी तो फोटो दाखवत होते. कुणा भल्या बाईने विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांसाठी बांधलेल्या खोल्या. मधे विहीर, भोवती धुण्याचे दगड. बाया बोर्डिंग शाळांचे कपडे धुवायच्या, इस्त्री करायच्या, तुटलेली बटणं लावायच्या. दिवेलागणीला दार आतून बंद व्हायचं आणि किल्ली सगळ्यात थोरलीकडे. पुढे शाळांनी वॉशिंग मशीन घेतली आणि आवार ओस पडत गेलं. मी गेले तेव्हा तिघीच उरल्या होत्या. ट्रस्टला तिथे होमस्टे काढायचा होता, दुरुस्तीसाठी मला बोलावलं होतं.

मीटिंगनंतर छप्पर तपासायला गेले. थोरल्या अनसूयाआक्कांनी ओट्यावर बसवून चहा दिला. शेजारी शेवंता उभी होती. माणदेशातली, धनगराघरची. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला वाटेला लावलं. दिवसभर या तिघींबरोबर हॉटेलच्या चादरी धुवायची आणि झोपायला बाजारात एका दुकानाच्या फळीवर. इथे मात्र निम्म्या खोल्यांना कुलूप. ट्रस्टने नवी बाई घेणं कधीच बंद केलं होतं.

“छपराचं ऱ्हाऊ द्या वो,” आक्का म्हणाल्या. “हिला येक खोली द्या म्हणावं. आमी गेल्याव किल्ली कुणाकडं द्यायची?”

मी धीर द्यायला म्हणून मोबाईलवर लूवेन दाखवलं. बघा आक्का, केवढं जुनं, आणि अजून जसंच्या तसं. त्यांनी डोळे बारीक करून एकेक फोटो बघितला.

“आन् त्या बाया कुठं हायत?”

“त्या राहिल्या नाहीत आता. शेवटचीही वारली.”

“म्हंजी घरं ऱ्हायली,” आक्का म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.

कुणी तोंडात मारावी तसं झालं मला. एवढं शिकले, पण हा प्रश्न ना कुणी विचारला, ना मला पडला.

आमच्या नकाशात प्रत्येक खोलीवर तिचा वापर लिहितात. एका कुलूपबंद खोलीवर मी ठळक लिहिलं, नवीन रहिवासी. नकाशा घेऊन सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, बाकीच्या खोल्यांचा तुमचा होमस्टे करा, पण शेवंताला आत घ्या.

माणूस वाईट नव्हता, हाच तर ताप. आवाजसुद्धा चढवला नाही. “मॅडम, आम्ही कुणाला बाहेर काढतोय का? आहेत त्या सुखाने राहू देत. पण नवी बाई घेतली की ती असेपर्यंत अडकलो. तुमच्या लूवेनचं काय झालं? बायका संपल्या, मग विद्यार्थी आले.”

“म्हणजे तुम्ही त्यांच्या मरणाची वाट बघताय.”

“घाई तर करत नाही ना?”

बाकीच्या ट्रस्टींच्या घरी खेटे घातले. सगळीकडे चहा मिळाला. काम सोडणार होते, पण तिघींच्या डोक्यावर गळत होतं. छप्पर नीट करून दिलं. नकाशातले ते दोन शब्द ट्रस्टने दुसऱ्या आर्किटेक्टकडून पुसून घेतले.

त्या छपराखाली तिघी एकामागून एक गेल्या. आक्का शेवटी. जाण्याआधी त्यांनी किल्ली शेवंताच्या हातात दिली. दिवस घालायच्या आत ट्रस्टने कुलूपच बदललं. हे कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटी बसून रडले.

आता तिथे होमस्टे आहे. दारावरच्या पाटीवर बायांचा इतिहास छान लिहिलाय. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत खोली मिळत नाही. परवा गेले होते. आक्कांच्या खोलीत शेवंता पलंगावरची चादर बदलत होती. ट्रस्टने तिला नोकरी दिलीय.

“आता कुठं राहतेस?” मी विचारलं.

“हितंच की दिसभर,” ती म्हणाली. “दिवं लागलं की भाईर.”

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, इमारतीचा शत्रू पाणी. ते खरंच आहे. त्याच्यापुढचं माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगते: घर रिकामं करायला कुणाला हाकलावं लागत नाही. नवं माणूस घेणं थांबवलं की पुरतं.